हेडसेट घेण्याआधी केस लिहा

प्रश्न थोडक्यात असा. दक्षिण रत्नागिरीतल्या एका लहान धर्मादाय रुग्णालयाला गणपतीत गावी आलेल्या चाकरमान्यांच्या मंडळाने देणगी जाहीर केली. बातमी कळताच एका कंपनीचा माणूस चार व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवले की आभासी खोली दाखवणारे) आणि सॉफ्टवेअरच्या वार्षिक लायसन्सचं कोटेशन ठेवून गेला. तिथले तरुण वैद्यकीय अधिकारी विचारतात : आमचे डॉक्टर आणि सिस्टर याने खरंच तयार होतील का, की वर्षभरात हे सगळं कपाटात जाईल? त्यापेक्षा सरावाचे पुतळे घ्यावेत का?

डॉक्टर, तुमची शंका रास्त आहे. बहुतेक ठिकाणी ते कपाटातच जातं. तरीही मी घ्या म्हणेन, पण चार नकोत, दोन घ्या. उरलेले पैसे कुठे घालायचे ते पुढे सांगतो.

मी भूलतज्ज्ञ. चिपळूण ते कुडाळ या पट्ट्यात वीसेक वर्षं लहानमोठ्या रुग्णालयांत भूल देत फिरतोय आणि गेली काही वर्षं डॉक्टर-सिस्टर मंडळींचे सिम्युलेशनचे वर्ग चालवतोय. त्यामुळे जे लिहितोय ते बरंचसं ठेच खाऊन आलेलं आहे.

आधी हे कशासाठी करायचं ते. गरोदरपणात झटके आलेली बाई मोठ्या शहरातल्या निवासी डॉक्टरला पुन्हा पुन्हा बघायला मिळते. आपल्याकडच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ती वर्षा-दोन वर्षांत एखादी भेटते. पण भेटते तेव्हा रात्री पावणेदोनला भेटते. पाऊस कोसळत असतो, लाईट गेलेली असते, १०८ची गाडी आधीच एका पेशंटला घेऊन घाट चढत असते आणि ड्यूटीवर एक डॉक्टर, एक सिस्टर, एक मावशी. तिथे ज्ञान कमी पडत नाही, पुस्तकातलं पान डोळ्यांसमोर असतं. कमी पडतो तो सराव. कधीतरीच येणारा प्रसंग वारंवार आणि कुणाच्या जिवाला धोका न होता अनुभवायला देणं, एवढंच सिम्युलेशनचं काम आहे, मग ते पुतळ्यावर असो की हेडसेटमध्ये.

ही कल्पना परदेशी यंत्रांसोबत आपल्याकडे आली असं कुणी म्हणालं की मी सुश्रुताचा योग्यासूत्रीय अध्याय काढतो. शिष्याने सगळं शास्त्र वाचलं असलं तरी त्याच्याकडून सराव करून घ्यावा, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर. शीर वेधण्याचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. शिवण्याचा कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडांवर. पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर. आणि आत रुतलेली वस्तू ओढून काढायचा सराव कशावर, तर फणसाच्या गरावर! कोकणातल्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं की पुढची दहा मिनिटं वर्ग कापा की बरका यावर जातो, पण मुद्दा कायमचा लक्षात राहतो. सुश्रुताने प्रत्येक कौशल्यासाठी वेगळी वस्तू निवडली होती. हाताला काय शिकायचंय ते आधी ठरलं, मग फळ आलं.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यू कुद्रे ही सुईण कापडी गर्भाशय आणि कापडी बाळ घेऊन गावोगावच्या बायकांना बाळंतपण शिकवत फिरली. १९२९ मध्ये एडविन लिंकने वैमानिकांसाठी जमिनीवरचं सरावाचं विमान बनवलं. १९६० मध्ये नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या माणसाने छाती दाबण्याच्या आणि तोंडाने श्वास देण्याच्या सरावाचा तो प्रसिद्ध ‘ॲन’चा पुतळा बाजारात आणला. पुढे स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा या आमच्याच शाखेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन थिएटरमधल्या आणीबाणीचे सराव पद्धतशीर सुरू केले. सिम्युलेशन हे तंत्र आहे, तंत्रज्ञान नव्हे, असं त्यांनी लिहून ठेवलंय. कोटेशन घेऊन येणारा माणूस हे वाक्य तुम्हाला सांगणार नाही.

आता आभासी सिम्युलेशनने नक्की काय साधतं? त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि विकणारे लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली, साध्या लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरचा रुग्ण : तुम्ही प्रश्न विचारता, तपासण्या मागवता, औषधं देता आणि त्याची नाडी, रक्तदाब, सॅच्युरेशन त्याप्रमाणे बदलतं. दुसरी, हेडसेटमधली खोली : तुम्ही कॅज्युअल्टीत उभे आहात, मागे नातेवाईक ओरडतायत, मान वळवली की मॉनिटर दिसतो. तिसरी, हाताला अवजाराचा जोर जाणवून देणारी यंत्रं, दुर्बिणीच्या किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी. ही तिसरी जात सर्वांत महाग आणि तिच्याबद्दलचा पुरावाही चांगला. २००२ मध्ये येल विद्यापीठातला एक छोटा पण काटेकोर अभ्यास प्रसिद्ध झाला. १६ निवासी डॉक्टर, त्यांतल्या निम्म्यांना आभासी यंत्रावर ठरावीक पातळी गाठेपर्यंत सराव दिला, मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णांवर दुर्बिणीने पित्ताशय सोडवलं. सराव केलेल्यांना २९ टक्के कमी वेळ लागला. सराव न केलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे चटका बसण्याची शक्यता पाचपट होती. मोतीबिंदूच्या लहान छेदाच्या शस्त्रक्रियेसाठी असं यंत्रावरचं प्रशिक्षण मुंबईतही मिळतं.

पण तुमच्या रुग्णालयात दुर्बिणीची शस्त्रक्रिया होत नाही. कंपनीच्या माणसाने डेमोत काय दाखवलं, आठवा. बहुतेक धडधडतं हृदय दाखवलं असेल, तुम्ही आत शिरलात आणि झडपा उघडमिट होताना बघितल्या. सुंदर असतं ते. पण आपल्याला हृदय उघडायचंच नाहीये. आपल्याला फुरसं चावलेला माणूस, अंगभर घाम फुटलेलं विंचू चावलेलं पोर, फवारणीत कोसळलेला गडी आणि वार पडल्यावर रक्तस्राव न थांबणारी बाळंतीण सांभाळायची आहे. यांतलं काय हेडसेटमध्ये शिकता येतं आणि काय नाही, ते तीन केसमधून दाखवतो.

पहिली, आंब्याच्या बागेतली विषबाधा. मोहोर आला की फवारण्या सुरू होतात. तोंडाला रुमाल बांधून दिवसभर फवारणारा गडी संध्याकाळी लाळ गाळत, घामाघूम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या अवस्थेत येतो. छातीत घरघर. उपचार म्हणजे ॲट्रोपिन, हे सगळे स्राव सुकवणारं औषध, आणि ते भरपूर. सुरुवातीला दोन-तीन मिलिग्रॅम, पाच मिनिटांनी छाती ऐकायची, घरघर तशीच असेल तर मागच्याच्या दुप्पट, पुन्हा पाच मिनिटांनी दुप्पट. आपल्या नेहमीच्या अँप्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. म्हणजे तीन मिलिग्रॅमला पाच अँप्युल, मग दहा, मग वीस. नव्या डॉक्टरचा हात इथे थरथरतो. ज्याने आयुष्यात एका वेळी एकच अँप्युल दिलंय त्याला वीस फोडणं म्हणजे गुन्हा वाटतो. पडद्यावरची केस इथे अप्रतिम चालते. पहिल्यांदा प्रत्येक जण कमी देतो आणि आभासी गडी स्वतःच्याच पाण्यात बुडून मरतो. दुसऱ्यांदा हात सैल होतो. तिसऱ्या वेळी तो थेंबथेंब लाळेकडे न बघता छाती मोकळी झाली का, नाडी ८० च्या वर गेली का, वरचा रक्तदाब ८० च्या वर आहे का, काख कोरडी पडली का, असं क्रमाने बघू लागतो. ही भीती मोडायला कोणताच पुतळा इतका उपयोगी पडत नाही, कारण साध्या पुतळ्याला घाम फुटत नाही.

दुसरी, फुरसं. कातळावर गवत कापताना पायाला चावलेलं. ही केस मी स्वतः लिहून हेडसेटसाठी बनवून घेतली होती आणि तिनेच मला मोठा धडा दिला. रक्त गोठतंय का हे बघायला आपण वीस मिनिटांची चाचणी करतो : स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त, वीस मिनिटं नळीला हातही लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. आमच्या केसमध्ये कुणी वीस मिनिटं हेडसेट घालून बसणार नाही म्हणून आम्ही ‘वेळ पुढे न्या’ असं बटण ठेवलं. दाबलं की वीस सेकंदांत निकाल. मुलं खूश. महिन्याभराने वॉर्डात बघतो तर आमच्याच वर्गातला एक हुशार इंटर्न सहाव्या मिनिटाला नळी उचलून हलवून बघतोय. मी ओरडणार होतो, पण चूक त्याची नव्हती. थांबायचं नसतं, हे आम्हीच त्याच्या हाताला शिकवलं होतं.

त्या दिवसापासून माझा नियम असा : आभासी केस जिथे वेळ किंवा श्रम गाळते तिथे तेवढाच भाग खऱ्या वस्तूने भरून काढायचा. आता केस सुरू होताना टेबलावर खरी काचेची नळी रंगीत पाणी भरून उभी करतो आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवतो. मधल्या वीस मिनिटांत चावा कुठे, सूज कुठवर चढली, दोरी बांधून आलाय का, आधी कुठल्या गावठी उपायात किती वेळ गेला, हे सगळं. नळी कुठली, हेही. साबणाच्या पाण्याने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची नळी फसवते. ही गोष्ट हेडसेटमधल्या कुठल्याच नळीवर लिहिलेली नसते.

याच केसचा उत्तरार्ध आणखी बोलका आहे. सर्पविषावरची लस सुरू केली आणि पाचव्या मिनिटाला अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, रक्तदाब पडला. आता ॲड्रेनालिन अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. हेडसेटमध्ये सगळे हे काही सेकंदांत करतात, औषधाच्या चित्राकडे बोट केलं की झालं. मग आम्ही हाच सराव एका रुग्णालयाच्या खऱ्या वॉर्डात केला, कॉटवर पुतळा झोपवून, न सांगता. ट्रॉलीत ॲड्रेनालिन नव्हतं. कपाटात होतं. कपाटाला कुलूप होतं. किल्ली दुपारच्या पाळीच्या सिस्टर चुकून घरी घेऊन गेल्या होत्या. वॉर्डातले मामा धावत सायकलवर गेले. तेवढ्यात खरा पेशंट गेला असता. त्या वॉर्डातल्या प्रत्येकाला डोस तोंडपाठ होता, हे विशेष. म्हणून सांगतो, हेडसेट माणूस तपासतो. वॉर्ड तपासायचा असेल तर सराव वॉर्डातच करावा लागतो, आपल्याच ट्रॉलीने, आपल्याच किल्लीने.

तिसरी, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. इथे मी हेडसेटच्या विरुद्ध आहे. गर्भाशय मऊ पडलंय की आकसलंय हे तळव्याला कळावं लागतं. वार पूर्ण आली का हे बघायला ती हातात धरून उलटीपालटी करावी लागते. खाली साठलेलं रक्त नजरेने आपण नेहमी कमीच धरतो, त्याला मापाची पिशवी लागते. २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या ई-मोटिव्ह अभ्यासात अशी मापाची पिशवी आणि पाच उपचार एकदम, या पद्धतीने तीव्र रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. हे शिकवायला पोटाला बांधायचा साधा प्रसूतीचा पुतळा लागतो, तो एखाद्या सिस्टरने नेसून बसायचं आणि बाळंतिणीचं काम करायचं. आमच्याकडे एक वरिष्ठ सिस्टर हे काम इतकं फर्मास करतात की शिकाऊ मुली घाबरून खरोखर हात धरतात. ‘बाय, माका गरगरता गो’ असं त्या म्हणाल्या की खोली शांत होते. हा वास्तवपणा विकत मिळत नाही. बाळाला अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास देणं, पहिल्या मिनिटाच्या आत, हेही तसंच हाताचं काम आहे. मास्क गालावर बसला की नाही ते बोटांना कळतं. श्वासनलिकेत ट्यूब घालणंही पुतळ्यावरच, तिथे हेडसेट फक्त क्रम शिकवतो.

तर ढोबळ विभागणी मी अशी करतो. निर्णय, क्रम, डोसचं गणित, गोंधळात डोकं शांत ठेवणं, अपघातात आधी कुणाला बघायचं हे ठरवणं यासाठी पडदा किंवा हेडसेट. स्पर्श, जोर, पकड यासाठी पुतळा, भोपळा, केळ्याची साल, काय मिळेल ते. आणि माणसामाणसांतलं बोलणं, नातेवाइकांना वाईट बातमी सांगणं वगैरे, यासाठी जिवंत माणूस. आमच्याकडे नाटकवाल्यांची काय कमी? दशावतारात काम करणाऱ्या एका गृहस्थांनी मृत तरुणाच्या बापाचं काम केलं तेव्हा दोन इंटर्नना पाणी प्यायला बाहेर जावं लागलं.

आता केस लिहिण्याकडे येतो, कारण सगळं यश त्यात आहे. तयार मिळणाऱ्या केस बहुतेक पाश्चात्त्य देशांतल्या असतात. छातीत दुखतंय म्हणणारा गोरा गृहस्थ, पाचव्या मिनिटाला कॅथलॅब, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडायची खोली. आपल्या माणसाला कॅथलॅब मिळेपर्यंत बऱ्याचदा एक घाट उतरावा-चढावा लागतो. तुम्ही केस आपल्या पंचांगाप्रमाणे लिहा. मोहोर ते फळ या काळात फवारणीची विषबाधा. एप्रिल-मेमध्ये कलमावरून किंवा माडावरून पडलेला गडी, मानेला आणि कण्याला इजा. तो बऱ्याचदा नेपाळहून आलेला असतो, म्हणजे भाषेची अडचणही केसमध्ये घाला. उकाड्यात आणि पावसाच्या तोंडावर विंचू. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा होड्या किनाऱ्याला असतात, खलाशी मोकळे असतात. त्यांना छाती दाबणं आणि बुडालेल्याला श्वास देणं शिकवायला याहून चांगला हंगाम नाही. लावणीनंतर ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखतायत, लघवी कमी : लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) केस. गवत कापणीला फुरसं. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे असाल तर माकडतापही. या क्रमाने केस वापरली की प्रसंग येण्याच्या पंधरा दिवस आधी सराव झालेला असतो. गणपती आणि शिमग्याच्या आठवड्यात वर्ग ठेवू नका, कुणी येणार नाही आणि जे येतील त्यांचं लक्ष नसेल.

विंचवाच्या केसबद्दल एक सांगायलाच हवं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात लाल विंचवाच्या दंशात प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तेही ग्रामीण भागात पेशंटच्या उशाशी बसून, आणि ते जगभर वापरलं गेलं. तरीही आज नव्या डॉक्टरला थंडगार हातापायांचं, घामाने निथळणारं पोर दिलं की त्याचा पहिला हुकूम ‘सलाईन लावा, जोरात सोडा’ हाच येतो. आमच्या केसमध्ये जोरात सलाईन सोडलं की दहा मिनिटांनी फुप्फुसांत पाणी भरून पोराच्या तोंडाला गुलाबी फेस येतो. एकदा तो फेस बघितलेला डॉक्टर पुन्हा तसं करत नाही. आधी प्राझोसिन तोंडाने, किलोला तीस मायक्रोग्रॅम, हात ऊबदार होतात का बघत राहायचं. हे वाचून जितकं कळतं त्याहून त्या फेसाने जास्त कळतं.

लिहिताना खऱ्या पेशंटची हकीकत जशीच्या तशी घेऊ नका. मी एकदा फक्त नाव आणि गाव बदललं होतं. वर्गातल्या सिस्टर केस अर्ध्यात असताना रडू लागल्या, तो त्यांच्या मावसभावाचा प्रसंग होता. कोकणात सगळे सगळ्यांचे कुणीतरी लागतात. वय, व्यवसाय, घटनाक्रम, शेवट, सगळं ढवळून काढा.

भाषेचंही तसंच. हल्ली बोलणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे रुग्ण मिळू लागलेत. प्रमाण मराठी ठीक समजतात, पण मालवणीत अडखळतात. त्यांचा त्याहून मोठा दोष म्हणजे ते फार शहाणे असतात. विचारलं की लगेच ‘दुखणं डाव्या हातात जातं आणि घाम येतो’ असं सांगून मोकळे. आपला खरा माणूस हार्ट अटॅकमध्ये घामाने भिजलेला असताना म्हणतो, ‘माका काय एक झाला नाय, गॅस धरलो असतलो.’ त्याच्या बायकोला वेगळं घेऊन विचारावं लागतं. असा रुग्ण वापरणार असाल तर त्याला काय लपवायचं, कुणी कसं विचारल्यावर सांगायचं, हे लिहून द्या, आणि केसमध्ये नसलेली लक्षणं तो स्वतःच्या मनाने रचत नाही ना, हे बघायला सगळे संवाद एकदा डॉक्टरने वाचा. नाही तर विद्यार्थी भलतंच शिकतो आणि ते कुणाला कळतही नाही.

केस झाल्यावरचं बोलणं, ज्याला डीब्रीफिंग म्हणतात, ते केसच्या निदान दुप्पट वेळ चाललं पाहिजे. दहा मिनिटांची केस, वीस मिनिटं गप्पा. बहुतेक ठिकाणी नेमकं हेच गाळतात, कारण हेडसेट स्वतःच शेवटी गुण दाखवतो : ७८ टक्के, छान! तो आकडा बघून कुणी शिकत नाही. एका सरावात ऑक्सिजनचा फ्लोमीटर (किती ऑक्सिजन जातोय ते दाखवणारी नळी) शून्यावर होता. डॉक्टर मास्क लावून पुढच्या कामाला लागले. सगळ्यांत अनुभवी सिस्टर त्या फ्लोमीटरकडे बघत उभ्या होत्या, व्हिडिओत स्पष्ट दिसतं. मी नंतर एवढंच विचारलं, ‘त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं?’ त्या म्हणाल्या, ‘दिसत होतं. पण सर बोलत होते ना.’ त्यानंतर पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही आणि मीही बोललो नाही. त्या डॉक्टरांनी पुढच्या वेळेपासून केस सुरू करतानाच ‘कुणाला काही खटकलं तर मला तोडून सांगा’ असं म्हणायची सवय लावून घेतली.

असं बोलणं होण्यासाठी दोन गोष्टी पक्क्या हव्यात. सरावातली चूक कुणाच्या गोपनीय अहवालात जाणार नाही आणि व्हिडिओ त्याच दिवशी सगळ्यांसमोर पुसला जाईल. ट्रस्टी मंडळींपैकी कुणाला ‘बघू तरी’ म्हणून खोलीत बसायचं असेल तर चहा पाजून नम्रपणे बाहेर बसवा.

आता हेडसेटच्या हवापाण्याबद्दल. आपल्या दमटपणात भिंगांवर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पावसाळ्यात पुड्या वाळवत राहा. भिंगं स्पिरिटने पुसू नका, वरचा थर जातो. कोरडं मऊ कापड वापरा. तोंडाला लागणारी गादी मात्र प्रत्येकामागे पुसायची, आणि धुता येणारी आवरणं घ्या. विजा सुरू झाल्या की चार्जर काढून ठेवा. नेट गेलं तरी चालणारी, यंत्रातच साठवलेली केस हवी, ही अट लेखी घ्या.

आणि बोट लागणं. जुनी माणसं सांगायची ना, मुंबईच्या बोटीत कशी सगळी आडवी व्हायची. हेडसेटमध्ये तेच होतं, फक्त उलट्या बाजूने : डोळे सांगतात चाललोय, कान सांगतो बसलोय. म्हणून सरकत चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी टुपकन जाण्याची सोय असलेली केस निवडा, बसून करायला लावा, एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना आधीच विचारा आणि त्यांना लॅपटॉप द्या. शिकणं तेवढंच होतं. खरं सांगायचं तर निर्णयाच्या केससाठी लॅपटॉप आणि हेडसेट यांत मला फारसा फरक दिसलेला नाही. हेडसेटचा फायदा आहे तो गोंधळाच्या आणि गर्दीच्या प्रसंगांत, जिथे मान वळवून बघावं लागतं : बस उलटलीये, अकरा जण आलेत, सगळ्यांत जास्त ओरडणारा सगळ्यांत बरा आहे आणि कोपऱ्यात गप्प पडलेली म्हातारी जाते आहे.

खरेदीचं म्हणाल तर दोन हेडसेट, एक बरा लॅपटॉप आणि प्रोजेक्टर, छाती किती खोल आणि किती वेगाने दाबली ते दाखवणारा अर्धा पुतळा, नवजात बाळाचा पुतळा, पोटाला बांधायचा प्रसूतीचा पुतळा. लाखो रुपयांचा, डोळे मिचकावणारा पूर्ण पुतळा नको, त्याची दुरुस्ती मुंबईहून यावी लागते. कंपनीच्या माणसाला विचारा : केस आम्हाला बदलता येते का, औषधांच्या यादीत आमच्या अँप्युलची मापं घालता येतात का, आवाज मराठीत भरता येतो का, लायसन्स संपल्यावर आम्ही लिहिलेली केस कुणाची? शेवटच्या प्रश्नावर तो थोडा चुळबुळ करेल.

उरलेली रक्कम माणसांच्या वेळेसाठी ठेवा. तुमच्यापैकी एक डॉक्टर आणि एक सिस्टर यांना महिन्यातले दोन दिवस फक्त या कामासाठी मोकळे करा, त्या दिवसांची बदली ड्यूटी देणगीतून भरा. देणगीदारांच्या फलकावर ही ओळ शोभणार नाही, पण हेडसेट कपाटात जाण्याचं मी पाहिलेलं एकमेव कारण, तो बाहेर काढायला कुणी नसणं, हेच आहे. वर्षातून एकदा दोन दिवसांची कार्यशाळा, हार, श्रीफळ, ग्रुप फोटो, असं करू नका. छाती दाबण्याचं कसब काही महिन्यांतच ढिलं पडतं. दर मंगळवारी पाळी बदलताना पंधरा मिनिटं, दोन-तीन जणांपुरतं, हे पुरतं. सरकारी दवाखान्यांतल्या सिस्टर आणि आशाताईंनाही बोलवा, पेशंट आधी त्यांच्याकडेच येतो. आता वैद्यकीय महाविद्यालयांना स्किल लॅब, म्हणजे सरावाची प्रयोगशाळा, बंधनकारक आहे आणि कोकणात अलिबाग, सिंधुदुर्ग, रत्नागिरी अशी सरकारी महाविद्यालयं झालीत, चिपळूणजवळ डेरवणचं खासगी आधीपासून आहे. महागडी यंत्रं वापरायला वर्षातून दोनदा तिथे जाता येईल का, हे पत्र पाठवून विचारून बघा.

उपयोग झाला की नाही हे कळायला एक साधी वही घाला. सर्पदंशाचा पेशंट दारात आल्यापासून लसीची पहिली बाटली सुरू होईपर्यंत किती मिनिटं, प्रतिक्रिया दिसल्यापासून ॲड्रेनालिन टोचेपर्यंत किती, रक्तस्राव लक्षात आल्यापासून तो आटोक्यात आणणारं ट्रानेक्झामिक ॲसिड जाईपर्यंत किती. सराव सुरू करण्याआधीपासून ही वही सुरू करा, नंतर सुरू केली तर तुलना कशाशी करणार? तुमच्याकडे अशा केस थोड्या असतील, त्यामुळे वर्षभरात आकड्यांवरून मोठे दावे करता येणार नाहीत. देणगीदारांना ते आधीच सांगून ठेवा.

कोटेशनवर सही करण्याआधी एक केस लिहून पाठवा, मी बघून देतो. दोन पानं पुरेत : पेशंट कोण, किती वाजता आला, सोबत कोण, पहिल्या पाच मिनिटांत काय दिसेल, काय केलं तर सुधारेल, काय केलं तर बिघडेल. फवारणीचा हंगाम जवळ आलाय, तर तिच्यापासूनच सुरुवात करा. आणि लिहायला बसण्याआधी औषधाच्या खोलीत जाऊन ॲट्रोपिनचे अँप्युल किती शिल्लक आहेत ते मोजा. तोच आकडा केसमध्ये घाला.